अश्वगंधेचा चहा आणि संकेश्वरी मिरची

गेल्या महिन्यात भाचा पुण्याहून येताना अश्वगंधेच्या चहाचा डबा घेऊन आला. हिरवा डबा, त्यावर डोळे मिटून बसलेली बाई, खाली सूचना : उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवा आणि ताण विसरा. निपाणीची आत्या तेव्हा आमच्याकडं बेळगावात टिळकवाडीला मुक्कामाला होती. तिनं पुडी नाकाला लावली. "आस्कंद होय हे? पाण्यात कुठं घालतात रे? दुधात आटवायचं असतंय की!" भाच्यानं लगेच मोबाईलवर 'संशोधनाने सिद्ध' असं काहीतरी काढलं. चष्मा नाही म्हणून आत्यानं ते वाचलं नाही. मी वाचलं. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला 'हे कशात विरघळतं?' हा प्रश्न गप्प बसू देत नाही.

आधी झाडाची ओळख. आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानात मराठीतून आस्कंद मागा, नाहीतर कन्नडमधून हिरेमद्दु. मूळ तेच मिळतं. हिरे म्हणजे थोर, मद्दु म्हणजे औषध. घराणं मात्र आपल्या रोजच्या ओळखीचं : बेळगावचा बटाटा, निपाणीचा तंबाखू, संकेश्वरची मिरची, वांगं, टोमॅटो, सगळी एकाच सोलॅनेसी कुळातली भावंडं. कागदी पिशवीत झाकलेला लाल मणी दिसला की समजावं, हेच फळ. घोड्याचं बळ देते म्हणून अश्वगंधा, ही समजूत सोडून द्यायला हरकत नाही. नावात बळ नाही, गंध आहे. ओल्या मुळाला घोड्याचा वास येतो, इतकंच.

आता भाच्याचं 'सिद्ध' संशोधन. २०१२ साली भारतात झालेली एक चाचणी सगळीकडं फिरत असते. ताणानं त्रासलेली ६४ माणसं घेतली. निम्म्यांना मुळाच्या अर्काची ३०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. ६० दिवसांनी अर्कवाल्यांचा ताण कमी निघाला, रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, तेही उतरलं. चाचणी लहान, तरी नीट केलेली. पुढं झोपेवरच्याही काही चाचण्या अशाच बऱ्या निघाल्या. पण त्या माणसांनी अर्क घेतला होता, चहा नाही. सगळी ग्यानबाची मेख तिथं आहे.

मुळातली ज्यांची कीर्ती गातात ती द्रव्यं म्हणजे विथॅनोलाइड. वाळलेल्या मुळात ती सगळी मिळून साधारण एक टक्क्याच्या आतच असतात. बाकी पिठूळ स्टार्च आणि चोथा. विथॅनोलाइड म्हणजे २८ कार्बन अणूंचा सांगाडा. चार कडी एकमेकांना चिकटलेली, अगदी कोलेस्टेरॉलसारखी, आणि शेपटाला लॅक्टोन नावाचं आणखी एक कडं. अशी वस्तू पाण्याला परकी.

परकी का? पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनकडं किंचित ऋण भार, हायड्रोजनकडं किंचित धन. त्यामुळं पाण्याचे रेणू सतत एकमेकांचे हात धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. साखरेच्या अंगावर हायड्रॉक्सिल गट असतात, म्हणजे धरायला हात. ती या फेरात सहज मिसळते. कार्बनच्या कड्यांना असे हात जेमतेम. पाणी त्यांना ढकलत नाही, हे लक्षात घ्या. तेलाचं आणि पाण्याचं वैर नसतं. अडचण वेगळीच असते. मध्ये हा निर्हस्त पाहुणा आला की त्याच्याभोवतीच्या पाण्याच्या रेणूंना एकमेकांचे हात टिकवायला शिस्तीत उभं राहावं लागतं. त्यांची मोकळीक जाते, म्हणजे एंट्रॉपी घटते, आणि निसर्गाला हा सौदा महाग पडतो. असे पाहुणे मग एकत्र गोळा झालेले परवडतात. (इथं माझ्या वर्गातली शेवटची दोन बाकं झोपायची. त्यांनी पुढच्या परिच्छेदापासून वाचावं.)

हे मोजताही येतं. पदार्थ पाणी आणि ऑक्टॅनॉल (पाण्यात न मिसळणारं एक तेलकट अल्कोहोल) यांच्या जोडीत हलवायचा, कुठं किती गेला ते बघायचं आणि त्या गुणोत्तराचा लॉग काढायचा. हा आकडा एकानं वाढला की तेलकट बाजूची ओढ दहापट.

झोपलेल्यांसाठी सोपं करून सांगतो. संकेश्वरी मिरचीचा ठेचा चावला की आपण पाणी पितो, आणि आग तोंडभर पसरते. तिखटाचं द्रव्य, कॅप्सेसिन, पाण्यात विरघळत नाही. दुधाचा घोट घेतला की शांत होतं, कारण दुधात स्निग्धांशाचे अब्जावधी बारीक थेंब तरंगतात आणि केसिन प्रथिनाचे त्याहून बारीक गोळे. दोघांच्या पोटात पाणी टाळणाऱ्यांसाठी जागा असते. मिरचीची ही मावसबहीणही त्याच न्यायानं दुधाकडं ओढली जाणार.

म्हणून चहा अगदीच फोल, असं मात्र नाही. काही विथॅनोलाइडना झाडानं ग्लुकोज जोडून दिलेलं असतं. त्यांना विथॅनोसाइड म्हणतात. साखरेचे हात लाभल्यामुळं ते पाण्यात उतरतात. पण जेमतेम दोन ग्रॅमच्या पुडीत अश्वगंधा कितवा भाग, आणि त्यातलं दोन मिनिटांत बाहेर किती आलं, याचा हिशेब डब्यावर नाही.

आत्याच्या बोलण्याला आधार जुना आहे. शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात क्षीरपाकाचं, म्हणजे दुधात औषध आटवण्याचं, प्रमाण दिलंय : औषध १ भाग, दूध ८, पाणी ३२, आणि दूध उरेपर्यंत आटवायचं. दूध तर दूध, वर चौपट पाणी कशाला? मला यात हुशारी दिसते. नुसतं दूध इतका वेळ उकळलं तर बुडाला लागतं. पाण्यामुळं मूळ तासभर शिजतं, स्टार्च फुगून मऊ होतो, साखरवाले रेणू आधी सुटतात. मग पाणी उडत जातं तसतसं उरलेल्यांना दुधाचा आसरा असतोच. आत्या शास्त्रापेक्षा दूध जास्त घालते : सपाट चमचाभर चूर्ण, अर्धी वाटी दूध, दोन वाट्या पाणी, जाड बुडाचं पातेलं, बारीक आच. अर्धी वाटी उरलं की गाळून खडीसाखर. चव कडवटच लागते, त्याला इलाज नाही. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या सरकारी प्रमाणग्रंथात, मूळचूर्णाची दिवसाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम आहे. चमचा त्या हिशेबात बसतो.

'आयुर्वेदिक आहे, अपाय कसला?' हे वाक्य मला व्हॉट्सॲपवर आठवड्याला एकदा तरी येतं. जे द्रव्य शरीरात काही करतं, ते नको तेही करू शकतं. अश्वगंधेनं थायरॉइडची संप्रेरकं वाढू शकतात. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आइसलँडपासून भारतापर्यंत आहेत, बहुतेक गोळ्या-कॅप्सूल घेणाऱ्यांच्या. डेन्मार्कनं २०२३ साली तिच्यावर बंदीच घातली. ती मला जास्तीची वाटते, पण गरोदर बायकांनी, यकृताचं दुखणं असलेल्यांनी आणि थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुधातली काय नि पाण्यातली काय, घेऊ नये.

एक गोष्ट आत्याला अजून सांगितलेली नाही. २०१७ साली जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठात उंदरांना अश्वगंधेच्या पानांचे दोन अर्क दिले. विथॅनोलाइडनी भरलेल्या अल्कोहोलच्या अर्कानं झोपेत फरक पडला नाही. पाण्यातल्या अर्कानं उंदीर झोपले. ते काम ट्रायएथिलीन ग्लायकॉल नावाच्या, पाण्यात मजेत विरघळणाऱ्या साध्या रेणूचं निघालं. म्हणजे झोपेपुरता पाण्याचा पक्ष अगदीच लंगडा नाही. पण ती पानं होती, आणि ते उंदीर होते. आपल्या आयुष मंत्रालयानं २०२१ साली उत्पादकांना पानं वापरू नका, मूळच वापरा, असं सांगितलंय.

हे वाचून मी उठून भाच्याचा डबा पुन्हा बघितला. भिंग लावून मागची बारीक अक्षरंही वाचली. लिहिलंय 'अश्वगंधा'. मूळ की पान, ते लिहिलेलं नाही.