इमारतीचे भारविश्लेषण मॉडेल

बहुमजली इमारतीचा सांगाडा, म्हणजे कॉलम, बीम, स्लॅब आणि लिफ्टभोवतीच्या काँक्रीट भिंती, संगणकावर उभा करून त्यावर भार टाकणे आणि प्रत्येक घटकात किती बल येते ते काढणे, याला भारविश्लेषण म्हणतात. पुण्यातल्या आरसीसी कन्सल्टंटांकडे यासाठी ईटॅब्स आणि स्टॅड प्रो ही सॉफ्टवेअर रुळलेली आहेत. राफ्ट आणि फूटिंग या पायाच्या भागांसाठी सेफ हे सॉफ्टवेअर वापरतात. समीकरणे सोडवण्यात ती सहसा चुकत नाहीत. घोळ होतो तो मजले मांडताना आणि भार भरताना.

नवी फाइल उघडताना एकके किलोन्यूटन-मीटर आणि मानके भारतीय निवडून घ्यावीत. मग ग्रिड, मजल्यांच्या उंच्या, काँक्रीटची प्रत, सळईची प्रत आणि छेदांची मापे भरायची. एकसारख्या मजल्यांसाठी ईटॅब्समध्ये एक ‘मास्टर’ मजला ठरवून बाकीचे त्याला जोडता येतात. पुण्यात इथेच पहिली अडचण येते. इथल्या अनेक इमारतींत फ्लॅटला लागून दुप्पट उंचीच्या गच्च्या आहेत आणि त्या एकाआड एक मजल्यावर डावी-उजवीकडे सरकतात. अशा ठिकाणी सम आणि विषम मजल्यांचे दोन मास्टर करावेत. एकच ठेवला तर निम्म्या मजल्यांवर नसलेला स्लॅब येतो. खिडकीच्या तळाशी उजवीकडे ‘वन स्टोरी’, ‘सिमिलर स्टोरीज’ आणि ‘ऑल स्टोरीज’ असा पर्याय असतो. तो ‘ऑल’वर राहिला की लिफ्ट मशीनरूमचा बीम सगळ्याच मजल्यांवर उगवतो, आणि त्रिमितीय चित्रात तो पटकन दिसतही नाही.

भारांचे प्रकार वेगळे ठेवावेत: स्ववजन, फ्लोअर फिनिश, भिंती, चल भार (माणसे, सामान), छतावरच्या गच्चीचा चल भार. स्ववजनाचा गुणक फक्त पहिल्या प्रकारात १ आणि बाकी सगळीकडे ० हवा. फिनिशच्या प्रकारातही चुकून १ राहिला तर काँक्रीटचे वजन दोनदा मोजले जाते. आयएस ८७५ या भारांच्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागाप्रमाणे राहत्या खोल्यांना चौरस मीटरला २, जिने आणि बाल्कनीला ३, वापरातल्या गच्चीला १.५ किलोन्यूटन धरतात. मजल्याची उंची २.९५ मीटर आणि बीम ६०० मिमी असेल तर १५० मिमी एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) भिंत, दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसह, बीमवर मीटरला सुमारे ४.३ किलोन्यूटन टाकते. तेवढ्याच जाडीची विटांची भिंत ८.५च्या आसपास. म्हणून साइटवर ऐनवेळी ब्लॉकऐवजी विटा आल्या तर मॉडेल पुन्हा चालवायलाच हवे. गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा (पाणी अडवणारा वीटतुकड्यांचा थर) सरासरी ११५ मिमी धरला तरी चौरस मीटरला २.३ किलोन्यूटन होतो. टॉयलेटचा ३०० मिमी खाली घेतलेला स्लॅब भरला की ५च्या पुढे जातो, म्हणजे खोलीच्या चल भाराच्या अडीचपट. हाच भार सर्वांत जास्त वेळा राहून जातो.

आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकाच्या २०१६च्या आवृत्तीत पुणे तिसऱ्या भूकंपक्षेत्रात आहे, क्षेत्रगुणांक ०.१६. या क्षेत्रात आयएस १३९२०प्रमाणे लवचिक तपशिलाची चौकट लागते, म्हणून प्रतिसाद गुणांक, म्हणजे भूकंपबलाला ज्याने भागतात तो आकडा, ५. कॉलमची किमान रुंदी ३०० मिमी ठेवावी लागते आणि भिंतीत लपणारे २३० मिमीचे कॉलम बाद होतात. आर्किटेक्टशी निम्मे वाद यावरूनच. आवर्तकाल, म्हणजे इमारतीला एक पूर्ण हेलकावा घ्यायला लागणारा वेळ, सॉफ्टवेअरवर सोडू नये. ३६ मीटर उंच मोकळ्या चौकटीचा तो १.१ सेकंद येतो, पण विटा-ब्लॉकच्या भिंती धरल्या आणि त्या दिशेची लांबी २० मीटर असली तर ०.७२ सेकंद. कातळावर, महत्त्व गुणांक (इमारतीच्या वापरानुसार बल वाढवणारा आकडा) १.२ धरून, पायाशी येणारे आडवे बल पहिल्या हिशोबात वजनाच्या १.७ टक्के आणि दुसऱ्यात २.६५ टक्के, म्हणजे जवळपास दीडपट. जमिनीचा प्रकारही बोअरचा अहवाल पाहून भरावा. पुण्यात बऱ्याच ठिकाणी मुरूम आणि कातळ लवकर लागतात, पण मुळा-मुठेच्या काठावर ते गृहीत धरता येत नाही.

भूकंपासाठी धरायच्या वस्तुमानात चौरस मीटरला ३ किलोन्यूटनपर्यंतच्या चल भाराचा २५ टक्के भाग येतो, छतावरच्या गच्चीचा चल भार शून्य. गच्चीचा प्रकार वेगळा ठेवायचा तो याचसाठी. हे वस्तुमान ठरवणाऱ्या ‘मास सोर्स’मध्ये घटकांचे स्ववजन आणि डेड लोड या दोन्हींवर खूण केली तर स्ववजनाचे वस्तुमान दोनदा मोजले जाते. बीमची जडता (छेदाचा वाकण्याला होणारा विरोध) पूर्ण छेदाच्या ०.३५ पट आणि कॉलमची ०.७० पट घ्यावी.

मॉडेलमध्ये भिंती बहुतेकदा नुसत्या भाराच्या रेषा असतात, त्यांचा ताठरपणा कुठेच येत नाही. त्यामुळे खालचा मोकळा पार्किंगचा मजला वरच्या मजल्यांइतकाच ताठ दिसतो आणि मऊ मजल्याचा, म्हणजे वरच्यांपेक्षा बराच कमी ताठ असलेल्या मजल्याचा, धोका झाकला जातो. २६ जानेवारी २००१च्या भूज भूकंपात अहमदाबादेत असल्याच मोकळ्या तळमजल्याच्या इमारती कोसळल्या. भिंती तिरक्या टेकूंच्या रूपात घालून हा मजला वेगळा तपासावा.

एकाच पोडियमवर (खालच्या सामाईक मजल्यांवर) अनेक विंग्ज असतील तर प्रत्येक विंगचे वेगळे आणि सगळ्यांचे एकत्र, अशी दोन्ही मॉडेले ठेवावीत. एकत्र मॉडेलमध्ये सगळ्या विंग्जना मिळून एकच डायाफ्राम (आडव्या बलात एकत्र सरकणारा मजल्याचा पत्रा) दिला तर पोडियमच्या वर सुट्या असलेल्या इमारती एकमेकींना बांधल्या जातात. प्रत्येक विंगच्या प्रत्येक मजल्यावर डायाफ्रामला स्वतंत्र नाव द्यावे. लिफ्ट लॉबीच्या अरुंद मानेने जोडलेल्या आराखड्यात कडक डायाफ्राम विश्वासार्ह नाही, अर्धकडक घ्यावा. विंग्जमधल्या सांध्याची रुंदी दोन्ही बाजूंच्या सरकण्यावरून काढायची, सवयीने ५० मिमी लिहायची नाही.

निकाल वापरण्याआधी पायावरची एकूण प्रतिक्रिया हाताने केलेल्या बेरजेशी ताडून पाहावी. आरसीसी निवासी इमारतीत ती, भारांना सुरक्षेचे गुणक न लावता, मजल्यांच्या क्षेत्रफळाच्या चौरस मीटरला साधारण ११ ते १५ किलोन्यूटन येते; २० आली तर काहीतरी दोनदा मोजले गेले आहे. पहिला कंपनप्रकार, म्हणजे इमारतीची हलण्याची सर्वांत संथ तऱ्हा, पीळ पडणारा असेल तर लिफ्टच्या भिंती एका कडेला गेल्या आहेत असे बहुधा निघते. कंपनप्रकारांत सहभागी झालेले वस्तुमान एकूण वस्तुमानाच्या ९० टक्के होईपर्यंत कंपनप्रकार वाढवावेत, आणि त्यांवरून काढलेले गतिक बल आवर्तकालाच्या सूत्राने काढलेल्या स्थिर बलापेक्षा कमी आले तर गुणक लावून तेवढे करावे. आर्किटेक्टचे सुधारित ड्रॉइंग आले की हा गुणक पुन्हा काढावा लागतो. प्रत्येक सुधारणेची फाइल वेगळ्या नावाने ठेवून सोबत ईटॅब्सची मजकूर स्वरूपातली ई२के प्रत काढावी, कारण नव्या आवृत्तीत जतन केलेली मूळ फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही.