खान्देशातल्या वाऱ्या-उन्हाचा हिशेब कोणी लिहिला

धुळ्याहून सुरतेकडे निघालं की साक्री तालुक्यात डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्यांच्या रांगा लागतात. ब्राह्मणवेल आणि आसपासच्या पठारांवर त्या आल्या त्या पर्यावरणाच्या कळवळ्यापोटी, असा अनेकांचा समज आहे. कळवळा असेलही, पण पैसा आला आयकराच्या वजावटीतून.

पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी 80 टक्के घसारा, म्हणजे यंत्राची झीज म्हणून नफ्यातून वजा होणारी रक्कम, दाखवायची मुभा होती. नव्वदच्या दशकात तर तो 100 टक्के होता. समजा, कंपनीने 5 कोटींचं यंत्र उभारलं. पहिल्या वर्षी 4 कोटी नफ्यातून वजा झाले आणि त्या काळच्या दराने सव्वा कोटीच्या वर कर पुढे ढकलला गेला. त्यामुळे मूळ धंद्याचा विजेशी काडीचाही संबंध नसलेल्या कंपन्या मार्चअखेर जवळ आली की पवनचक्क्या घेत. वीज किती निघाली, यापेक्षा यंत्र 31 मार्चच्या आत सुरू झालं का, हा प्रश्न मोठा असे. राज्य वीज नियामक आयोगाने 2003 मध्ये पवनविजेला युनिटमागे साडेतीन रुपयांचा दर आणि दरवर्षी थोडी वाढ ठरवून दिली, तेव्हा उरलीसुरली धाकधूकही गेली.

त्यावर आला क्योटो या हवामान कराराचा पैसा. 1997 चा हा करार फेब्रुवारी 2005 मध्ये अमलात आला. श्रीमंत देशांनी उत्सर्जन घटवायचं. घरात जमत नसेल तर गरीब देशांत झालेली घट विकत घ्यायची, अशी ही सोय. एक टन कार्बन डायऑक्साइड टळला की एक क्रेडिट. दगडी कोळशावर एक युनिट वीज करताना साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे साक्रीच्या वाऱ्यावर हजार युनिट वीज निघाली की जवळपास एक क्रेडिट तयार. अट इतकीच, की क्रेडिटच्या पैशाशिवाय हा प्रकल्प उभाच राहिला नसता, हे कागदावर सिद्ध करायचं. घसाऱ्याची सवलत खिशात असताना हे सिद्ध करणं म्हणजे सनदी लेखापालाचं कसब. धुळे-नंदुरबारकडचे अनेक पवनप्रकल्प क्रेडिटसाठीच्या नोंदणीत गेले.

2012 मध्ये दोन्ही झरे एकदम आटले. युरोपातल्या मंदीने क्रेडिटची मागणी बसली. 2008 मध्ये वीस युरोच्या वर गेलेला भाव एका युरोखाली घसरला. त्याच एप्रिलमध्ये सरकारने वाढीव घसारा काढून घेतला. आदल्या वर्षी देशात 3,200 मेगावॉटच्या आसपास पवनचक्क्या बसल्या होत्या, त्या वर्षी 1,700. घसारा 2014 मध्ये परत आला, 2017 पासून 40 टक्क्यांवर आणला गेला. वारा तोच होता, वाहायचा थांबला नव्हता.

आणि नेमक्या याच काळात भुसावळजवळ दीपनगरला 500 मेगावॉटचे दोन नवे कोळसा संच सुरू झाले. अलीकडे तिथे 660 मेगावॉटचा सुपरक्रिटिकल संचही आला. तो युनिटमागे कोळसा कमी खातो, एवढंच.

कोळशावर कर नव्हता असं नाही. 2010 मध्ये टनामागे 50 रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला, वाढत वाढत 2016 मध्ये 400 वर गेला. एका युनिटला सुमारे 700 ग्रॅम कोळसा धरला तर हा भार 28 पैसे. तो अखेर वीजबिलातून ग्राहकानेच भरला. उत्सर्जनाच्या हिशेबात टनाला तीनशे रुपयांच्या आत. युरोपातला कार्बनचा भाव याच्या कितीतरी पट. तरी हा भारताचा खराखुरा कार्बन कर होता, असं मला वाटतं. पण पैशाचं काय झालं? 2010 ते 2018 या काळात सुमारे 86 हजार कोटी जमले, स्वच्छ ऊर्जा निधीत त्यातले 30 हजार कोटीही पोचले नाहीत आणि खर्च झाले 16 हजार कोटींच्या आत. 2017 मध्ये उपकर जीएसटी भरपाईत विलीन झाला, म्हणजे राज्यांचा तोटा भरायला गेला. सप्टेंबर 2025 मध्ये तो गेलाच. कोळशावरचा जीएसटी मात्र 5 वरून 18 टक्के झाला. देशाच्या नव्या कार्बन क्रेडिट बाजारात सिमेंट, ॲल्युमिनियमसारखे उद्योग आधी घेतले, औष्णिक वीज केंद्रं त्यात नाहीत. दीपनगरच्या धुराला तूर्त तरी वेगळी किंमत नाही.

सौरऊर्जेचा हिशेब वेगळा, कारण तिला लागते जमीन. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीने 2013 मध्ये 125 मेगावॉटचा प्रकल्प उभारला, जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जातून. पुढे सर्वांत कमी दराने वीज देईल त्याला प्रकल्प, असे लिलाव सुरू झाले. 2017 मध्ये राजस्थानात सौरविजेचा भाव 2 रुपये 44 पैशांवर आला आणि ‘स्वस्त वीज’ ही बातमी झाली. या भावात जमिनीचा वाटा किती, हे फारसं कोणी विचारलं नाही. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणला ते कळलं. आधी औष्णिक प्रकल्पासाठी म्हणून घेतलेल्या जमिनीवर पुढे सौर प्रकल्प ठरला. धर्मा पाटील या वयोवृद्ध शेतकऱ्याला पाच एकरांचे चार लाखांच्या आसपास मिळाले. दाद मागत हेलपाटे घालून जानेवारी 2018 मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतलं आणि काही दिवसांत ते गेले. मोबदल्याचं फेरमूल्यांकन झालं ते त्यानंतर.

आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन विकत न घेता भाड्याने घेतात: हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरवर्षी 3 टक्के वाढ, सातबारा मालकाच्याच नावावर. पाच एकरांना वर्षाला अडीच लाख म्हणजे विखरणचा मूळ मोबदला दोन वर्षांत वसूल. उद्देश असा की कृषीपंपाला दिवसा वीज मिळावी. रावेर-यावलच्या केळीवाल्याला रात्रीची थ्री फेज आणि बिबट्याची भीती नको. मात्र जमीन महावितरणच्या उपकेंद्रापासून पाच-दहा किलोमीटरच्या आत हवी. साक्री-अक्कलकुव्याच्या डोंगरपट्ट्यातल्या, उपकेंद्रापासून लांब पडणाऱ्या माळरानाला या योजनेत गिऱ्हाईक नाही.