पाणी किती लवकर उडतं? हॅलेच्या भांड्यापासून हवामान खात्याच्या पॅनपर्यंत

मुंबईत पाऊस सुरू व्हायच्या आधी पारा ३३-३४ वर असतो तरी दोरीवरची जीन्स संध्याकाळपर्यंत ओलसरच लागते आणि पुण्यात जानेवारीत २७-२८ डिग्रीला तीच जीन्स दुपारचं जेवण होईस्तोवर खडखडीत. सगळ्यांना माहितीय हे. पण पाणी कशाने उडतं विचारलं की तोंडात पहिलं येतं ते ऊन. मजा म्हणजे विज्ञानाची गाडीही अशीच गेलीय, आधी उष्णता मोजली आणि हवेचा हिशोब लागायला पुढची शंभरेक वर्षं गेली.

१६८७ मध्ये एडमंड हॅलेने (तोच, धूमकेतूवाला) एक साधा प्रयोग छापला. प्रश्न जुनाच होता, एवढ्या नद्या समुद्रात जातात तर समुद्र भरून वर का येत नाही? त्याने साधारण ८ इंच व्यासाच्या भांड्यात समुद्राइतकं खारट पाणी घेतलं, कडक उन्हाळ्यातल्या हवेइतकं कोमट केलं आणि तराजूला टांगून दोन तासांत वजन किती घटतं ते बघितलं. त्यावरून काढलं की १२ तासांत इंचाचा दहावा भाग, म्हणजे अडीच मिलिमीटर पाणी उडतं. मग सरळ भूमध्य समुद्राला गुणाकार, रोजचे ५२८ कोटी टन. नद्यांचं पाणी मोजायला ९ मोठ्या नद्या धरल्या, प्रत्येक थेम्सच्या दहापट, तर उत्तर आलं १८३ कोटीच्या आसपास. अंदाजपंचे काम आहे, पण नद्या आणतात त्यापेक्षा जास्त पाणी वर जाऊ शकतं हे आकड्यात तरी आलं. त्याच लेखात तो हेही कबूल करतो की यात वारा धरलेला नाही, आणि वारा कधीकधी उन्हापेक्षा जोरात पाणी चाटून नेतो.

ते त्याच्या डोक्यातून गेलं नसावं, कारण १६९३ मध्ये लंडनच्या ग्रेशॅम कॉलेजात ऊन नाही वारा नाही अशा खोलीत वर्षभर पाणी ठेवून मोजलं गेलं. वर्षात उडालं फक्त ८ इंच. उघड्यावर पाणी पटापट जातं ते कोणाच्या जिवावर, हे त्यातून बऱ्यापैकी दिसलं.

पण दमट हवेत का उडत नाही? १७५१ मध्ये फ्रान्सच्या शार्ल ल रॉयने उत्तर दिलं की पाणी हवेत विरघळतं, चहात साखर विरघळावी तसं, आणि गरम चहात जास्त साखर मावते तशी गरम हवेत जास्त वाफ मावते. ऐकायला एकदम पटतं. कपडे, दव, धुकं सगळं बसतं त्यात. फक्त मुळात चूक.

मधल्या काळात दुसरीकडे थंडाव्याचे प्रयोग चालू होते. १७५८ मध्ये केंब्रिजला बेंजामिन फ्रँकलिन आणि जॉन हॅडलीने थर्मामीटरच्या गोळ्याला इथर (झटकन उडून जाणारा द्रव) लावायचं, भात्याने वारा घालायचा, परत इथर, परत वारा, असं करत पारा १८ डिग्रीवरून उणे १४ पर्यंत उतरवला. उडणारा द्रव उष्णता सोबत घेऊन जातो, आपला माठ याच हिशोबावर चालतो, आणि म्हणूनच विदर्भात माठाचं पाणी दाताला लागतं तर कोकणात तोच माठ नुसता शोभेला.

खरा उलगडा मँचेस्टरच्या जॉन डाल्टनने १८०२ च्या सुमारास केला. पाऱ्याच्या नळीत वर जी पोकळी राहते तिथे थेंबभर पाणी सोडलं, तिथे हवा नाहीच, तरी वाफ झाली, आणि तिचा दाब ठरला फक्त तापमानाने. मग विरघळलं कशात? ल रॉयचा विषय तिथेच संपला. डाल्टनचं म्हणणं असं की पाण्याच्या पृष्ठभागावरचा बाष्पदाब आणि वरच्या हवेत आधीच असलेल्या वाफेचा दाब यातला फरक जेवढा मोठा तेवढं पाणी लवकर उडणार, आणि वारा त्या फरकाला हातभार लावतो कारण पृष्ठभागाला चिकटून बसलेली दमट हवा तो हटवतो. मुंबईची जीन्स इथे सुटली. ऊन कमी नाही, फरक कमी आहे.

तरी ऊर्जा आणि हवा या दोन बाजू एका समीकरणात आणायला १९४८ उजाडलं, इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रातल्या हॉवर्ड पेनमनने ते केलं. प्रत्यक्षात मोजायला मात्र अजूनही एक पसरट भांडंच. आपल्याकडचा प्रमाणित पॅन १२२ सेंटीमीटर व्यासाचा, तांब्याचा, आतून कल्हई, बाहेरून पांढरा रंग, वर जाळी (नाहीतर पक्षी पाणी पिऊन आकडा वाढवतील). द्राक्षबागेला ड्रिपने किती पाणी द्यायचं याचा सल्ला याच मिलिमीटरांवर देतात.

याच पॅनने मग सगळ्यांना कोड्यात टाकलं. १९९५ मध्ये अमेरिका आणि जुन्या सोव्हिएत युनियनच्या नोंदी तपासल्या तर पॅनमधून उडणारं पाणी काही दशकांत घटलेलं निघालं, जग तापत असताना! १९९७ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यातले एन. चट्टोपाध्याय आणि इंग्लंडचे माइक ह्यूम यांना भारतातही तेच दिसलं, आणि बोट गेलं वाढलेल्या आर्द्रतेकडे. इतर ठिकाणी धुरकट आकाशामुळे कमी झालेलं ऊन, मंदावलेला वारा अशी कारणं पुढे आली. म्हणजे नुसता थर्मामीटर बघून पाणी किती उडेल ते सांगता येत नाही, हे डाल्टनपासून माहिती असलेलं परत शिकावं लागलं.

आपल्याला हे महाग पडतं ते जायकवाडीसारख्या ठिकाणी. नाथसागर भरला की सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो आणि सरासरी खोली जेमतेम ८ मीटर, म्हणजे धरण कमी आणि परात जास्त. दिवसाला ८ मिलिमीटर धरा, तर तेवढ्या पसाऱ्यावरून २८ लाख घनमीटर पाणी एका दिवसात वर जातं, दहा दिवसांत एक टीएमसी (अब्ज घनफूट). यावर उपाय म्हणून सेटिल अल्कोहोलसारख्या रसायनाचा एका रेणूइतका पातळ थर पाण्यावर पसरायचे प्रयोग जगभर झालेत. संथ पाण्यावर तो कामही करतो. पण मोठ्या जलाशयावर वारा सुटला की थर फाटतो, काठाला जाऊन गोळा होतो, आणि परत नव्याने टाकत बसावं लागतं.