सीएमटी आणि कल्चर: दूध घट्ट झालं म्हणजे जंतू सापडला नव्हे

‘सीएमटी पॉझिटिव्ह आलीय, कोणता जंतू असेल?’ हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की आता उत्तर देताना माझा आवाज चढतो. सीएमटी म्हणजे कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, गाईची दगडी (कासेची सूज) ओळखायची गोठ्यातली चाचणी. तिला जंतू दिसतच नाहीत.

चाचणी कशी करायची ते तुम्हाला पाठ असेल: चार खणांचं पॅडल, प्रत्येक सडाचं थोडं दूध, तेवढंच जांभळं द्रावण, दहा सेकंद गोल फिरवायचं. १९५७ साली शाल्म आणि नूरलँडर यांनी ती मांडली. द्रावण म्हणजे मुळात डिटर्जंट. ते दुधातल्या पेशी फोडतं, त्यांतला डीएनए बाहेर पडतो आणि दुधाला शेंबडासारखी तार सुटते. या पेशी गाईच्या स्वतःच्या, बहुतेक पांढऱ्या पेशी, कासेत काहीतरी बिघडलं म्हणून धावून आलेल्या. जंतू कोणता, किती, की मरूनही गेला, यातलं त्या खणात काही कळत नाही. नुकत्याच व्यायलेल्या गाईचं दूध तर दगडी नसतानाही पहिले काही दिवस घट्ट होतं.

कल्चरमध्ये खुद्द जंतू वाढवतात. साधारण ०.०१ मिली दूध ब्लड अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या रक्तमिश्रित माध्यमाच्या प्लेटवर, पसरायचं, ३७ अंश सेल्सिअसला २४ ते ४८ तास ठेवायचं आणि काय उगवतं ते पाहायचं. एक ठिपका म्हणजे मिलीमागे साधारण १०० जिवंत जंतू.

खरा घोळ होतो तो सीएमटी पॉझिटिव्ह आणि कल्चर कोरं, म्हणजे काहीच न उगवता, आल्यावर. लगेच ‘लॅबवाले चुकले’ सुरू. अहो, दोन्ही बरोबर असू शकतात! ई. कोलाय या जंतूला बऱ्याचदा गाईच्या पेशीच संपवतात. नमुना घेईपर्यंत जंतू गेलेला, पेशी मात्र अजून दुधात. स्टॅफिलोकॉकस ऑरियसची चाल उलटी. तो कासेच्या आत दबून बसतो आणि दुधात कधी भरपूर उतरतो, कधी जवळजवळ नाहीच. त्याचा संशय असेल तर एक प्लेट कोरी आली म्हणून गाय निरोगी समजू नका, पुन्हा नमुना द्या. मायकोप्लाझ्मा साध्या ब्लड अगारवर उगवतच नाही, त्याला वेगळं माध्यम आणि आठवडाभराहून जास्त धीर लागतो. आणि आधीच सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली असेल तर प्लेटला काय दोष द्यायचा?

पीसीआर ही जंतूचा डीएनए शोधणारी लॅबमधली चाचणी मेलेल्या जंतूचाही डीएनए पकडते, म्हणून तिचा ‘पॉझिटिव्ह’ आणखी वेगळा.

माझी पद्धत ठरलेली: सीएमटीने सड शोधायचा, कल्चरला त्याच सडाचं दूध. चारही सडांचं एकत्र करून, तेही पाण्याच्या रिकाम्या बाटलीतून आलेलं दूध पाहिलं की डोकं फिरतं. त्या प्लेटवर तीन-चार तऱ्हेचे ठिपके उगवतात आणि आम्ही ‘दूषित नमुना’ लिहून मोकळे होतो. पहिल्या धारा टाकून द्या. सडाचं टोक ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, बोळा मळकट निघाला तर दुसरा घ्या. निर्जंतुक बाटली तिरपी धरा, झाकणाची आतली बाजू कशालाही लागू देऊ नका. एकाहून जास्त सडांचे नमुने घ्यायचे असतील तर पुसताना लांबचे सड आधी, धार काढताना जवळचे आधी, म्हणजे पुसलेल्या सडाला तुमचाच हात घासत नाही.