जुने फोटो दुकानात आणण्याआधी

फोटो पुसू नका, सोलू नका, कडा कापू नका. ट्रंकेत सापडला तसा, फ्रेमसकट, कोऱ्या कागदात गुंडाळून आणा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई फोटोला लागते.

काचेला चिकटलेला फोटो तर मुळीच ओढू नका. जुन्या कृष्णधवल फोटोवर जिलेटिनचा थर असतो. आपल्या बेळगावचा पावसाळा, त्यात खानापूरकडची ओल. तो थर मऊ पडतो आणि काचेला धरून बसतो. दुकान नवं होतं तेव्हा आम्हीच शहाणपणा करायला गेलो. एका आजींच्या लग्नाचा फोटो सोडवला. कागद हातात आला, पण मुंडावळ्यांसकट नवरदेव काचेवरच राहिला. आता काचेतूनच स्कॅन करतो.

फोटो केव्हाचा, हे बहुतेक वेळा त्याची मागची बाजू सांगते. स्टुडिओच्या शिक्क्यात ‘मुंबई इलाखा’ असेल तर फोटो नक्कीच जुना. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. म्हणजे ‘म्हैसूर राज्य’ लिहिलेला शिक्का साधारण त्या सतरा वर्षांतला. (साधारण म्हणायचं कारण, शिक्का झिजेपर्यंत वापरायची रीत होती.) सहा आकडी पिनकोड असेल तर फोटो १९७२ नंतरचा, कारण पिनकोडच त्या वर्षी आले. चंदगडच्या शाळेच्या फोटोत ‘जि. बेळगाव’ दिसलं तर लिहिणारा चुकला असं समजू नका. १९५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता, मग तो कोल्हापूरला जोडला गेला.

शाळेच्या ग्रुप फोटोत पुढच्या रांगेतल्या पोराच्या मांडीवर पाटी असते. खडूनं लिहिलेली इयत्ता आणि साल डोळ्यांना पुसट दिसतं, स्कॅनमध्ये पुष्कळदा उठून येतं. म्हणून ‘तेवढी खालची बाजू कापा, आमचे बाबा मोठे करा’ असं सांगणाऱ्यांना आम्ही आधी अख्ख्या फोटोची फाइल देतो, मग बाबांची.

आता वर्दी. बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव, त्यामुळे वर्दीतला कोणीही असो, घरात ‘मिलिटरीत होते’ एवढंच सांगितलं जातं. पण पाठीवर पडणारी चौकोनी कॉलर, तिच्या कडेला तीन पांढऱ्या रेघा, गोल टोपीला काळी रिबन असं दिसलं तर माणूस नौदलातला. रिबनवरची अक्षरं वाचा. ‘एच.एम.आय.एस.’ (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप, म्हणजे राजाचं हिंदी जहाज) असेल तर ते रॉयल इंडियन नेव्हीचे दिवस. २६ जानेवारी १९५० पासून जहाजांच्या नावाआधी ‘आय.एन.एस.’ (इंडियन नेव्हल शिप) आलं. महायुद्धाच्या काळात गुप्ततेसाठी रिबनवर जहाजाचं नाव नसे, नुसती ती चार अक्षरं. त्यामुळे ‘आजोबा कुठल्या जहाजावर होते?’ याचं उत्तर फोटोत मिळेलच असं नाही. फेब्रुवारी १९४६ च्या नाविकांच्या उठावात ते होते का, हेही फोटोवरून सांगता येत नाही. त्यासाठी सर्व्हिसचे कागद शोधा, बहुतेकदा ते त्याच ट्रंकेत तळाशी असतात. अक्षरं उलटी दिसली तर निगेटिव्ह उलटी धरून छापलेली असते. ते आम्ही सरळ करून देतो.

रंग भरून द्या, असं हल्ली रोज कोणीतरी म्हणतं. देतो, पण वेगळ्या प्रतीवर, आणि ‘रंग अंदाजे’ असं लिहून. जुन्या फिल्मला तांबडा रंग नीट कळत नसे, म्हणून पणजीचं कुंकू काळं दिसतं. ते कुंकू, हे आपल्याला माहीत आहे. लुगडं हिरवं होतं की जांभळं, ते कॉम्प्युटरलाही माहीत नाही. आणि मोबाइलमधली ॲप्स चेहरा गुळगुळीत करता करता दुसराच माणूस उभा करतात. ते काम आम्ही घेत नाही.

स्कॅन ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, असा करतो. ६ बाय ४ इंची फोटोचे त्यात ३६०० बाय २४०० पिक्सेल होतात, दुप्पट मोठी प्रिंट सहज निघते. पासपोर्टएवढा फोटो असेल तर १२०० ला. फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की ती आक्रसते. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो तांबूस झालेत? त्यातला निळा रंग उडालाय. बराचसा परत आणता येतो, सगळा नाही.

नावं मात्र तुम्हीच लिहायची. फोटोच्या मागं, कडेला, मऊ पेन्सिलीनं, डावीकडून रांगेनं. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढं चेहऱ्यावर वळ उमटतो. घरात कोणी ओळखणारं म्हातारं माणूस असेल तर त्यांनाच सोबत आणा. मोठ्या स्क्रीनवर चेहरे लावून देतो, ते सांगतील तसं आम्ही लिहून घेतो. दुकान तळमजल्यावर आहे, जिना चढावा लागत नाही. सकाळी गर्दी कमी असते.