पंपाचा आवाज: हवेतून येणारा आणि भिंतीतून येणारा

पाण्याच्या पंपाचा आवाज कमी करायचा म्हटलं की बहुतेकांना आधी पेटी सुचते. पंपाभोवती प्लायवूडची पेटी ठोकायची, आतून फोम लावायचा. मग पंपाजवळ उभं राहिल्यावर आवाज खरोखरच कमी झालेला असतो, पण खालच्या मजल्यावर झोपलेल्या माणसाला घरघर पहिल्याइतकीच ऐकू येते. कारण त्याच्या खोलीत पोचणारा आवाज पंपाजवळच्या हवेतून येतच नाही. तो पंपाच्या पायांतून स्लॅबमध्ये आणि पाइपातून भिंतीत शिरून येतो.

कानाला हे दोन्ही आवाज शेवटी हवेतूनच ऐकू येतात, म्हणून गल्लत होते. फरक मधल्या वाटेचा आहे. पहिल्या प्रकारात मोटरचा पंखा, मोटरची बॉडी आणि पंपाचं आवरण जवळची हवा हलवतात आणि ती हालचाल खिडकीतून, दाराच्या फटीतून घरात येते. दुसऱ्या प्रकारात पंपाचा कंप घन वस्तूंमधून प्रवास करतो आणि दूरची एखादी भिंत किंवा छत हलवतो. खोलीतली हवा हलते ती त्या भिंतीमुळे.

दुसरा प्रकार इतका त्रासदायक का, हे शाळेतल्या नादकाट्यावरून कळतं. नादकाटा हातात धरून वाजवला तर जेमतेम ऐकू येतो, पण त्याची दांडी टेबलावर टेकवली की सगळं टेबल बोलू लागतं. पंपाचंही तेच. 50 हर्ट्झच्या विजेवर चालणारी दोन पोलची मोटर मिनिटाला साधारण 2,800 ते 2,900 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 47-48. शिवाय विजेच्या दुप्पट वारंवारतेचा, म्हणजे 100 हर्ट्झचा चुंबकीय गुणगुणाट असतो. 100 हर्ट्झच्या आवाजाची हवेतली तरंगलांबी जवळपास साडेतीन मीटर भरते. एवढ्या लांब लहरी हवेत उठवायला पंपाची लहानशी बॉडी अपुरी पडते. खोलीची अख्खी भिंत ते काम सहज करते. म्हणून पंपाजवळ फारसा न जाणवणारा घुंऽऽ असा सूर दोन खोल्या पलीकडे उशीपाशी स्पष्ट ऐकू येतो.

आपल्याकडचा त्रास कोणता हे खर्च करण्याआधी ओळखता येतं. पंप चालू असताना त्रास होणाऱ्या खोलीचं दार-खिडकी बंद करा. आवाज ठळकपणे उतरला तर तो हवेतून येतोय. काहीच फरक पडला नाही तर भिंतीला आणि पाइपाला तळहात लावा, मग कान लावा. हाताला थरथर लागली आणि कान टेकवताच आवाज वाढला तर वाट बांधकामातून आहे. पाइपाच्या क्लॅम्पवर हात दाबल्यावर आवाजाचा सूर बदलला तर तो क्लॅम्पच कंप भिंतीत पोचवतोय. पुष्कळ घरांत दोन्ही वाटा एकदमच चालू असतात. तरी माझा आग्रह असा की आधी बांधकामातली वाट तोडावी, कारण ती चालू असेपर्यंत पेटीचा खरा उपयोग किती हे कळतच नाही.

ती वाट तोडायची म्हणजे पंप आणि इमारत यांच्यात मऊ काहीतरी हवं. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, कारण नुसतं 'रबर लावलं' म्हणून भागत नाही. पंपाच्या वजनाने रबर किती दबतं यावर सगळं अवलंबून आहे. वजनाखाली रबर 1 मिलिमीटर दबलं तर त्या बैठकीची स्वतःची वारंवारता (धक्का दिल्यावर पंप तिच्यावर सेकंदाला जितक्या वेळा आपोआप झुलेल ती) सुमारे 16 हर्ट्झ येते. पंपाचा कंप 48 हर्ट्झचा, म्हणजे तिप्पट. अशा वेळी कंपाचा साधारण आठवा हिस्साच खाली उतरतो. पण कडक रबराचा तुकडा फक्त 0.1 मिलिमीटर दबला, तर बैठकीची वारंवारता 50 हर्ट्झच्या आसपास जाते, अगदी पंपाच्या कंपाला जाऊन भिडते, आणि कंप कमी होण्याऐवजी वाढतो. 'पॅड लावूनही आवाज वाढला' ही तक्रार त्यामुळे अगदी खरी असू शकते. पॅड घेताना जाडीपेक्षा वजन बघा: तेवढ्या वजनाला तो नजरेला कळेल इतका दबला पाहिजे. पंप हलका असेल तर तो आधी जड काँक्रीटच्या लादीवर पक्का बसवावा आणि पॅड लादीखाली ठेवावेत. वजन वाढल्याने पॅड नीट दबतात आणि पंपाची थरथरही कमी होते. लादी जमिनीला बोल्टने आवळली तर मात्र सगळी मेहनत वाया जाते, कारण कंप बोल्टमधून खाली उतरतो.

पाइपाचंही तसंच. पंप मऊ बैठकीवर आणि डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी बाहेर नेणारा पाइप मात्र कडक व भिंतीत चिणलेला, असं असेल तर कंप तिथून जातो. पंपाला लागून लवचीक होजचा तुकडा टाका, भिंतीवरच्या क्लॅम्पमध्ये रबर घाला, आणि पाइप जिथे भिंतीतून आरपार जातो तिथे भोक थोडं मोठं ठेवून मधली फट मऊ सामग्रीने भरा. सक्शनच्या, म्हणजे पाणी ओढून घेणाऱ्या बाजूला साधा मऊ होज चालत नाही, ओढीने तो आत चेपला जातो. तारेची गुंडाळी असलेलाच घ्यावा. हे सगळं वीज तोडून करायचं. पंपाची वायर थोडी सैल ठेवा, आणि अर्थिंगची तार स्वतंत्र व शाबूत आहे ना हे बघा, कारण रबर आणि होज आल्यावर पंपाचा जमिनीशी दुसरा धातूचा संबंध उरत नाही.

जागा बदलता येत असेल तर तेही करावं. भिंतीवरच्या ब्रॅकेटवर पंप ही सगळ्यात वाईट जागा. स्लॅबच्या मधोमध ठेवण्यापेक्षा तुळईवर किंवा खांबाजवळ ठेवलेला बरा, कारण तिथे स्लॅब कमी हलतो.

आता पेटी. हवेतला आवाज अडवतं ते वजन आणि फटी नसणं. फोम आवाज अडवत नाही, पेटीच्या आतला घुमणारा आवाज शोषतो, म्हणून नुसता फोम गुंडाळून काही होत नाही. पेटीच्या एकूण पृष्ठभागाच्या फक्त 1 टक्का भाग उघडा राहिला, तर भिंती कितीही जाड असोत, आवाज 20 डेसिबलहून अधिक घटत नाही. पण पूर्ण बंद पेटीत मोटर तापते आणि वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळू शकतं. उपाय म्हणजे हवेसाठी दोन वाटा ठेवायच्या, खाली आत येणारी आणि वर बाहेर जाणारी. दोन्ही वळणावळणाच्या आणि आतून फोम लावलेल्या, म्हणजे हवा जाते आणि आवाज वळणांवर जिरतो. पेटी पंपाला किंवा पाइपाला कुठेही टेकता कामा नये. टेकली की पेटीच कंप पावू लागते.

पंपातून खडे फिरल्यासारखा कडकडाट येत असेल तर यातलं काहीच करू नका. बहुधा सक्शन कोंडलेलं असतं, आणि पाण्यात तयार होणारे वाफेचे बुडबुडे इंपेलरवर, म्हणजे पंपातल्या फिरत्या चक्रावर, फुटत असतात. फूटव्हॉल्व्हची (सक्शन पाइपाच्या खालच्या टोकाच्या झडपेची) जाळी साफ करणं, सक्शनचा पाइप आखूड आणि रुंद करणं हे तिथलं काम आहे. किरकिर आणि घासल्याचा आवाज असेल तर बेअरिंग बघा. अशा पंपावर पेटी चढवली तर बिघाडाची सूचना देणारा आवाजच तेवढा दाबला जाईल.