३ किलोवॅटचा लेसर आणि १०० टेरावॅटचा लेसर, दोघांत नेमका फरक काय

जळगाव एमआयडीसीत माझ्या चुलतभावाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, मागच्या वर्षी त्याने पत्रा कापायला ३ किलोवॅटचं फायबर लेसर मशीन घेतलं. दिवाळीत मशीन बघायला गेलो तर बोलता बोलता मी म्हटलं की दादा, मुंबईला टीआयएफआर या संशोधन संस्थेत १०० टेरावॅटचा लेसर आहे, आणि आपल्या धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर सेंधवा करत इंदूरला गेलं की तिथे आरआरकॅट या संशोधन केंद्रात पेटावॅटचा, म्हणजे त्याच्याही दहापट, पण आहे. दादा म्हणे, "काय भो, एवढी वीज आणतात कुठून, अख्खं दीपनगर लागेल ना."

प्रश्न एकदम बरोबर होता. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्रातला ५०० मेगावॅटचा सेट धरला, तर १०० टेरावॅट (१ टेरावॅट म्हणजे १० लाख मेगावॅट) म्हणजे असे २ लाख सेट. सगळ्या देशातली वीजकेंद्रं मिळूनही क्षमता अर्ध्या टेरावॅटच्या आसपासच जाते. मग कुलाब्याच्या एका लॅबमध्ये हे चालतं कसं?

इथेच बहुतेकांची गल्लत होते, कारण आपण 'ताकदवान लेसर' म्हटलं की जास्त गरम लेसर असंच समजतो, म्हणजे दादाचं मशीन छोटं भाऊ आणि तो लॅबवाला मोठा भाऊ. तसं नाहीये. दोघांचं कामच वेगळं आहे.

आधी हिशोब करून बघू. दादाचा लेसर सेकंदाला ३००० ज्यूल देतो, म्हणजे एका सेकंदाच्या हजाराव्या भागात ३ ज्यूल. १०० टेरावॅटचा लेसर एका पल्समध्ये, म्हणजे प्रकाशाच्या एका झटक्यात, किती देतो? तेवढेच, साधारण ३ ज्यूल. तीन सोललेली केळी जमिनीवरून उचलून कमरेच्या थोडं वर धरायला साधारण तेवढीच ऊर्जा लागते, आणि चमचाभर पाण्यात ती ऊर्जा टाकली तर पाणी पाव डिग्रीही तापणार नाही. फरक फक्त वेळेचा, कारण ते ३ ज्यूल तिथे ३० फेम्टोसेकंदात बाहेर पडतात. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचे १ वर १५ शून्यं इतके तुकडे केले तर त्यातला एक. त्या ३० फेम्टोसेकंदात प्रकाश स्वतः फक्त ९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढे सरकतो, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. म्हणजे ती पल्स ही उजेडाची एक पातळ चकतीच असते, निर्वात नळीतून उडत जाणारी. ज्यूलला सेकंदाने भागलं की वॅट येतात, भागणारा आकडा इतका बारीक असला की उत्तर अवाढव्य येणारच.

केळीच्या बागेतलं सांगायचं तर ताशी ४ लिटरचा ड्रिपर १६ लिटरची बादली चार तासात रिकामी करतो, आणि तीच बादली कुणी एका झटक्यात अंगावर ओतली तर? पाणी तेवढंच. अशा पल्स सेकंदाला १० जरी सोडल्या तरी सरासरी ३० वॅट होतात, घरातल्या बल्बएवढे, त्यामुळे दीपनगर लागत नाही.

आता दुसरी गोष्ट, हा प्रकाश किती जागेवर पडतो. दादाच्या मशीनचा फोकस धरा १०० मायक्रॉनचा, तर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४ कोटी वॅट येतात. हे काही कमी नाही, स्टील त्याने पाण्यासारखं वितळतं. पण लॅबमधला लेसर तीसेक मायक्रॉनवर फोकस केला की आकडा १ वर १९ शून्यं इतका जातो, किंवा त्याच्याही पुढे. दोघांत २५ हजार कोटी पटींचा फरक. पृथ्वीवर जेवढं ऊन पडतं तेवढं सगळं, आपल्या मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हासकट, गोळा करून एका चौरस मिलिमीटरवर टाकलं तर साधारण एवढी तीव्रता मिळेल.

आणि एवढी तीव्रता झाली की प्रकाश तापवायचं काम मागे सोडून ओढायला लागतो. मला या विषयाचं वेड लागलं ते इथूनच.

प्रकाश म्हणजे विद्युत क्षेत्राची लाट. दादाच्या मशीनच्या फोकसमध्ये ते क्षेत्र सेंटिमीटरला पावणेदोन लाख व्होल्टच्या आसपास येतं. हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉनने इलेक्ट्रॉनला ज्या क्षेत्राने धरून ठेवलंय ते ५०० कोटी व्होल्ट. म्हणून पत्र्यातले अणू अणूच राहतात, फक्त जोरजोरात हलतात, धातू वितळतो आणि नोझलमधून येणारा नायट्रोजन नाहीतर ऑक्सिजन तो रस खाली उडवून देतो. लॅबमधल्या पल्सचं क्षेत्र मात्र ८ हजार कोटी व्होल्टच्या वर जातं. म्हणजे अणूची पकड काहीच नाही, ओल्या मातीतून भुईमुगाचा वेल उपटावा तसा इलेक्ट्रॉन निघून येतो, आणि उष्णता पसरायला अजून सुरुवातही झालेली नसते. धातूत आधी इलेक्ट्रॉन ऊर्जा घेतात, ती अणूंच्या जाळीत उतरायला काही पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) लागतात, तोपर्यंत पल्स केव्हाच संपलेली असते. आई कळण्याची भाकरी तव्यावर हाताने उलटते तेव्हा बोटं भाजत नाहीत ना, उष्णतेला आत शिरायला वेळ लागतो म्हणूनच.

यातूनच एक फरक असा निघतो जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कापणाऱ्या लेसरला माल कोणता हे फार बघावं लागतं, तांबं-पितळ चकाकतं आणि प्रकाश परत फेकतं, काच तर त्याला आरपार जाऊ देते. फेम्टोसेकंद पल्सला काचेचा अडथळा नाही आणि काचेची सूटही नाही, फोकसच्या जागी एका इलेक्ट्रॉनवर अनेक फोटॉन (प्रकाशाचे कण) एकदम तुटून पडतात, तिथेच प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू, होतो, वरची काच जशीच्या तशी. डोळ्याचा चष्मा घालवायच्या ऑपरेशनमध्ये बुबुळाच्या पारदर्शक पडद्याचा फ्लॅप असाच उघडतात. (त्याला १०० टेरावॅट लागत नाही, मायक्रोज्यूलमध्ये काम होतं, पण तत्त्व तेच.)

हे १९८५ च्या आधी जमत नव्हतं कारण पल्स मोठी करायला गेलं की अ‍ॅम्प्लिफायरच जळायचा. मग डोना स्ट्रिकलँड आणि जेरार्ड मुरू यांनी पल्स आधी ताणून लांब केली, मग वाढवली, मग शेवटी परत दाबली. २०१८ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

दादाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्याने १० एमएमची प्लेट कापून होईल का?" नाही होणार, एका पल्सला फारच थोडा माल निघतो, प्लेट संपता संपणार नाही. पण आपल्या मशीनने कितीही दिवस कटिंग केलं तरी इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ जाणार नाही, आणि ते तिथे सेंटिमीटरभर गॅसमध्ये होतं. दादाने मग कापलेल्या तुकड्याच्या कडेचा, उष्णतेने पडलेला निळसर काळा पट्टा बोटाने पुसून बघितला आणि म्हणाला, "म्हणजे हा पट्टा त्याच्यात येणारच नाही." जवळपास नाहीच येणार दादा.